परवलीचा शब्द

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या रस्त्याने भोसरी आणि मोशी ही गावे मागे टाकून इंद्रायणी ओलांडली, की थोड्याच वेळात चाकण लागते. पहाटेच्या वेळी या रस्त्यावर बसगाड्यांची जी रांग लागते, ती पाहण्यासारखी असते. प्रत्येक बसच्या काचेवर एखाद्या कारखान्याचे नाव, आत अर्धवट झोपेतली माणसे आणि प्रत्येकाच्या मांडीवर जेवणाचा डबा. बस कारखान्याच्या फाटकाशी थांबते, माणसे खाली उतरतात, आणि तेथे त्यांची पहिली गाठ पडते ती पहारेकऱ्याशी.

हा पहारेकरी मोठा गमतीचा माणूस असतो. येणाऱ्याजाणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला तो ओळखतो. कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, कोणाच्या गावी यंदा पाऊस लांबला, कोणाचा गुडघा दुखतो, हे सारे त्याला ठाऊक असते. तरुण कामगार त्याला 'काका' म्हणतात आणि तोही त्यांची आपुलकीने विचारपूस करतो. परंतु विचारपूस झाली, की लगेच त्याचा हात पुढे येतो आणि तो म्हणतो, "दादा, कार्ड?" कार्ड पाहिल्यावाचून तो कोणालाही आत सोडत नाही. नवख्या माणसाला हे वागणे जरा विचित्र वाटते. ज्याच्या घरची खडानखडा माहिती आहे, त्याचे कार्ड कशाला पाहायचे? पण पहारेकरी काही उगाच हटवादी नसतो. येणारा कोण आहे, तो खरोखर तोच आहे हे कशावरून, आणि त्याला कोठवर जाण्याची मुभा आहे, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत आणि एकाचे उत्तर मिळाले म्हणून दुसऱ्याचे मिळत नाही, हे त्याला अनुभवाने कळलेले असते. ज्या कार्डाने मोठे फाटक उघडते, त्याच कार्डाने हत्यारांची खोली उघडत नाही. आणि कालपर्यंत जो येथे कामाला होता, तो आजही असेलच असे नाही.

फाटक आणि पहारा यांची ओळख चाकणला नवीन नाही. गावात आजही संग्रामदुर्ग नावाच्या भुईकोटाचे अवशेष उभे आहेत. १६६० साली शायिस्ताखानाने प्रचंड फौजेनिशी या कोटाला वेढा घातला, तेव्हा फिरंगोजी नरसाळा या किल्लेदाराने मूठभर मावळ्यांच्या बळावर तो सुमारे दोन महिने लढविला. अखेर शत्रू आत शिरला, पण तो दारातून नव्हे. त्याने बुरुजाखाली भुयार खणून सुरुंग पेरला आणि बुरूजच उडवून दिला. त्यानंतर कित्येक पिढ्या चाकणची ख्याती होती ती कांद्याबटाट्याच्या बाजारासाठी. कारखान्यांचे युग या बाजूला प्रथम आले ते पिंपरीला. १९५४ साली तेथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा औषधांचा सरकारी कारखाना निघाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली, आणि मग आकुर्डी, चिंचवड, भोसरी येथील माळरानांवर एकामागून एक धुराडी उभी राहिली. विसाव्या शतकाच्या अखेरीस हा ओघ इंद्रायणी ओलांडून चाकणला पोहोचला. आज तेथे स्कूटरी, मोटारी आणि त्यांचे सुटे भाग यांचे कारखाने दूरवर पसरलेले दिसतात.

या प्रत्येक कारखान्याला आता दोन फाटके असतात. एक लोखंडाचे, त्यावर काका उभे असतात. दुसरे फाटक डोळ्यांना दिसत नाही. ते संगणकांच्या जाळ्याला असते.

संगणक एकेकटे होते तोवर या दुसऱ्या फाटकाची फारशी गरज नव्हती. खोलीला कुलूप लावले की झाले. पण एकटा संगणक म्हणजे आपल्या खोलीत दार लावून बसलेला विद्वान. त्याला पुष्कळ ठाऊक असते, पण शेजारच्या खोलीत काय चालले आहे याचा पत्ता नसतो. भांडारात किती बोल्ट शिल्लक आहेत हे भांडारपालाच्या संगणकाला ठाऊक, आणि उद्या किती लागणार हे कामाची आखणी करणाऱ्याच्या संगणकाला ठाऊक. या दोघांमध्ये चिठ्ठी घेऊन धावणारा एक माणूस असे. तो माणूस चहाला गेला, की दोन्ही विद्वान स्वस्थ बसून राहत. यावर उपाय म्हणून संगणक तारांनी जोडण्यात आले. प्रत्येक संगणकापासून निघालेली तार एका पेटीत येते. तिला स्विच म्हणतात. ही पेटी म्हणजे कचेरीतला जुना शिपाई समजावा. नवीन कचेरीत आलेला शिपाई पहिल्या दिवशी प्रत्येक टेबलापाशी जाऊन, "हे पत्र आपले का?" असे विचारीत हिंडतो, पण कोण कोठे बसतो हे त्याला लवकरच पाठ होते आणि मग तो मुकाट्याने नेमक्या टेबलावर पत्र ठेवून निघून जातो. स्विचही अगदी असाच शिकतो.

पत्र कचेरीच्या बाहेर जावयाचे असेल, तर मात्र शिपायाचे ज्ञान तोकडे पडते. तेथे राउटर नावाचे दुसरे यंत्र लागते, आणि त्याच्या कामाचे मर्म समजण्यास टपालाचा पिनकोड पुरेसा आहे. ही सहा अंकांची पद्धत भारतात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती बसविणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ होते. टपालखात्यात मोठ्या हुद्द्यावर काम करून ते संस्कृतात काव्यनाटकेही लिहीत. चाकणचा पिनकोड ४१०५०१ असा आहे. चेन्नईत पत्र टाकले, तर तेथील कर्मचाऱ्याला चाकण कोठे आहे हे ठाऊक असण्याचे कारण नाही. पहिला ४ हा अंक पाहून त्याने पत्र पश्चिमेच्या थैलीत टाकले की त्याचे काम झाले. पुढचे अंक पुढची माणसे पाहतील. राउटरही असाच असतो. साऱ्या जगाचा नकाशा त्याच्यापाशी नसतो. पत्ता पाहून पत्र पुढच्या कोणत्या नाक्यावर द्यावे, एवढेच तो जाणतो. कोणाही एकाला सारे ठाऊक नसताना पत्र मात्र मुक्कामी पोहोचते, हे या व्यवस्थेचे मोठेच नवल आहे.

संगणकाचा पत्ता चार आकड्यांचा असतो आणि त्यातील प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. अशा रीतीने सुमारे ४२९ कोटी पत्ते तयार होतात. पद्धत बसविणाऱ्यांना ही संख्या पुष्कळ वाटली होती. पण जगातील माणसेच आठशे कोटींच्या घरात गेली, आणि एकेका माणसाकडे दोन दोन, तीन तीन यंत्रे झाली. तेव्हा पुष्कळ लांब पत्त्यांची नवी पद्धत काढावी लागली. शिवाय एक घरगुती तोडही निघाली. प्रत्येक चाळीत पाच नंबरची खोली असते, तरी त्यामुळे पोस्टमनचा गोंधळ होत नाही, कारण तो चाळीचे नाव पाहून येतो आणि खोलीचा नंबर चाळीतल्या चाळीत पाहिला जातो. त्याचप्रमाणे १९२.१६८.१.५ हा पत्ता भोसरीच्या एका कारखान्यात असतो, तसाच तो चिंचवडच्या एखाद्या शाळेतही असू शकतो. बाहेरच्या जगाला तो दिसतच नाही. बाहेर दिसतो तो फाटकावरच्या राउटरचा पत्ता.

आणि पत्रही सबंध जात नाही. एखाद्या यंत्रभागाचे मोठे ड्रॉइंग चाकणहून जर्मनीला धाडावयाचे असले, तर त्याचे हजारो बारीक तुकडे करतात, प्रत्येकावर पत्ता आणि अनुक्रमांक घालतात आणि ते मोकळे सोडून देतात. काही एका वाटेने जातात, काही दुसऱ्या. पलीकडे ते क्रमाने लावले जातात, आणि एखादा हरवला असेल तर तेवढाच पुन्हा मागविला जातो. दूरदूरचे संगणक अशा रीतीने प्रथम जोडले गेले ते अमेरिकेत. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजलिस येथील संगणकावरून शेकडो मैल दूर असलेल्या स्टॅनफर्ड येथील संगणकाला पहिला निरोप पाठविण्यात आला. तो निरोप म्हणजे 'लॉगिन' हा शब्द असावयाचा होता. लॉगिन म्हणजे आत येण्यासाठी दार ठोठावणे. त्यातील 'एल' आणि 'ओ' ही दोन अक्षरे पोहोचली, आणि पलीकडचा संगणक बंद पडला! तासाभराने तो पुन्हा सुरू झाला व शब्द पुरा झाला, हे खरे. पण या जाळ्यावरून गेलेला पहिला शब्द कुशलप्रश्नाचा नव्हता, तर आत येऊ का असे विचारणारा होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दार ठोठावले, की आतून प्रश्न येतो, "कोण?" लष्कराच्या छावणीत रात्रीच्या अंधारात येणाऱ्याला पहारेकरी परवलीचा शब्द विचारीत असे. तो शब्द ज्याला ठाऊक, तो आपला. संगणकानेही हीच जुनी युक्ती उचलली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत १९६१ च्या सुमारास फर्नांडो कॉर्बातो या शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली एकच संगणक अनेकांनी वाटून वापरण्याची व्यवस्था करण्यात आली. प्रत्येकाचे कागद निराळे राहावेत, म्हणून प्रत्येकाला एकेक परवलीचा शब्द देण्यात आला. पण हे सगळे शब्द एका यादीत जसेच्या तसे लिहून ठेवलेले होते! ॲलन शेर या संशोधकाला आठवड्याला अवघे चार तास मिळत. ते त्याला पुरेनात. १९६२ साली त्याने ती यादीच छापून देण्याची विनंती संगणकाला केली, आणि आज्ञाधारक संगणकाने ती छापून दिली. पुढे कित्येक दिवस शेर दुसऱ्यांच्या नावाने काम करीत राहिला. आपण असे केल्याची कबुली त्याने पुष्कळ वर्षांनी दिली.

तेव्हापासून शहाणे लोक शब्दांची यादी तशीच्या तशी ठेवीत नाहीत. ते शब्द दळून ठेवतात. ज्वारीचे पीठ करता येते, पण पिठाची पुन्हा ज्वारी होत नाही. दार ठोठावणाऱ्याने सांगितलेला शब्द त्याच जात्यात दळून पाहावयाचा. पीठ पूर्वीच्या पिठाशी जुळले, की दार उघडावयाचे. मूळ दाणा खुद्द पहारेकऱ्यापाशीही राहत नाही. अर्थात दाणाच जर क्षुद्र असेल, तर जात्याचा इलाज चालत नाही. चार अंकांचा परवलीचा शब्द असला, तर एकंदर शक्यता दहा हजार. संगणक त्या क्षणार्धात दळून पाहतो. इंग्रजीतील आठ लहान अक्षरे घेतली, तर शक्यता सुमारे २०,८८२ कोटी होतात, आणि पुढे वाढविलेले प्रत्येक अक्षर ही संख्या सव्वीसपट करते. तरीसुद्धा पुष्कळ माणसे आपले नाव आणि जन्मसाल जोडून स्वस्थ झोपतात. जे सगळ्या आळीला ठाऊक आहे, त्याला गुपित म्हणण्याचे धाडस फक्त माणूसच करू जाणे.

परवलीच्या शब्दाने माणूस कोण हे ठरते. त्याला काय करू द्यावे हे ठरविणे त्याहून पुष्कळ अवघड आहे, आणि घोटाळे होतात ते बहुधा येथेच.

भोसरीतल्या एखाद्या लहानशा कारखान्याची कल्पना करावी. पत्र्याची शेड, चारसहा यंत्रे, आणि पिंपरीच्या मोठ्या कारखान्यासाठी चाललेले सुट्या भागांचे काम. यंत्रांना मापे पुरविणारा एक संगणक आहे. ती मापे बदलण्याचा अधिकार एकट्या फोरमनला. रात्रपाळीच्या तरुण कारागिराला तेवढेसुद्धा नाही, की मापे नुसती उघडून पाहावीत. मालकाने विचार केला, कारागिराला संगणकाचे काय काम? एके रात्री फोरमनच्या घरून निरोप येतो, की धाकट्याला ताप भरला आहे. तो घाईने निघतो. कारागीर म्हणतो, "मास्तर, एक माप पाहायचे राहिले आहे." फोरमन भला माणूस. तो आपला परवलीचा शब्द एका चिठोऱ्यावर लिहून त्याच्या हाती देतो आणि पळत सुटतो. कारागीरही भलाच. तो माप पाहतो, त्याला ते चुकीचे वाटते, आणि मास्तरांना रात्री त्रास नको म्हणून आपणच दुरुस्त करून ठेवतो. छिद्राचा व्यास २५ मिलिमीटर होता, तो २५.२ होतो. वास्तविक पहिलेच माप बरोबर होते. उजाडेपर्यंत यंत्राने दोनशे भाग घडविलेले असतात, आणि दोनशेच्या दोनशे भंगारात जाण्याच्या लायकीचे.

सकाळी मालक संगणकाची नोंदवही उघडतो. पहारेकऱ्याच्या वहीसारखी ही वहीही प्रत्येकाचे नाव आणि वेळ टिपून ठेवते. तिच्यात स्वच्छ लिहिलेले असते, की रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी फोरमनने माप बदलले. त्या घटकेला फोरमन दवाखान्यात मुलाच्या उशाशी बसलेला होता. पण वही खोटे बोलत नाही, आणि खरेही सांगत नाही. तिला जो शब्द सांगण्यात आला, त्या शब्दाच्या धन्याचे नाव तिने लिहिले. आता फोरमनने काय करावे? गप्प राहावे, तर चूक आपल्या माथी बसते. खरे सांगावे, तर एका होतकरू मुलाची नोकरी जाते. एवढा मोठा पेच एका चिठोऱ्याने उभा केला. मात्र यातला मोठा दोष कोणाचा, हे ठरविताना केवळ चिठोऱ्याकडे पाहून भागत नाही. कारागिराला आपल्या स्वतःच्या नावाने माप नुसते पाहता आले असते, बदलता आले नसते, तर चिठोऱ्याची गरजच पडली नसती. पाहण्याचा अधिकार आणि बदलण्याचा अधिकार या दोन वेगळ्या किल्ल्या आहेत. मालकाने दोन्ही एकाच जुडग्यात अडकवून ठेवल्या आणि ते जुडगे एकाच माणसाच्या कमरेला दिले. दार गरजेहून अधिक घट्ट लावले, की भली माणसेसुद्धा खिडकी शोधू लागतात.

रायगडच्या हिरकणीची आख्यायिका महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? सूर्यास्ताला गडाचे दरवाजे बंद झाले, ते उजाडल्यावाचून उघडावयाचे नाहीत असा हुकूम. आणि गडावर दूध घालण्यास आलेल्या गवळणीचे तान्हे मूल पायथ्याच्या घरी एकटे. पहारेकऱ्यांनी तिची विनवणी मानली नाही, आणि त्यांचे चुकले असेही म्हणता येत नाही. शेवटी ती अंधारात कडा उतरून गेली. दुसऱ्या दिवशी ही वार्ता महाराजांच्या कानी गेली. त्यांनी तिला शिक्षा केली नाही. तिचा मान केला आणि ज्या जागेवरून ती उतरली तेथे बुरूज बांधविला, असे सांगतात. जी वाट एका आईला सापडली, ती उद्या शत्रूलाही सापडणार हे त्यांनी ओळखले. आज कित्येक मोठ्या संगणककंपन्या आपल्या जाळ्यातील असा उघडा कडा दाखवून देणाऱ्या प्रामाणिक माणसाला बक्षीस देतात आणि तेथे बुरूज बांधतात. कथेत एक गोष्ट मात्र सांगितलेली नाही. गवळणींना उशीर झाल्यास काय करावे, याचा काही नवा नियम गडावर झाला की नाही? तो झाला असावा असे मानण्यास मन घेते.

दार फार घट्ट असल्याने जसे नुकसान होते, तसेच किल्ली फार मोठी असल्यानेही होते. आणि त्याचे उदाहरण आख्यायिकेतले नसून घडलेले आहे. न्हावाशेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर हे चाकणपट्ट्याच्या दृष्टीने घरचेच बंदर. २७ जून २०१७ रोजी तेथील एका मोठ्या धक्क्याचे काम एकाएकी ठप्प झाले. मोठमोठे खोके जहाजावरून उतरविणे, चढविणे, कोणता खोका कोणाचा हे पाहून ट्रकवाल्याला देणे, हे सारे संगणकाच्या आधारे चालत असे, आणि संगणक मुके झाले होते. हातांनी काम रेटण्याचा प्रयत्न झाला. पण त्याला कितीशी गती येणार? हा धक्का चालविणारी संस्था मर्स्क या डेन्मार्कच्या जहाजकंपनीची होती. जगातील सागरी मालवाहतुकीचा सुमारे पाचवा हिस्सा वाहणारी ही कंपनी त्या एका दिवसात जगभर आंधळी झाली.

या अनर्थाचा उगम होता युक्रेनमध्ये. तेथे हिशेबाचा एक प्रोग्राम अनेक कंपन्या वापरीत असत. कोणा दुष्टांनी त्याच्या नव्या आवृत्तीत विध्वंसक प्रोग्राम लपविला. पुढे तो 'नॉटपेट्या' या नावाने कुप्रसिद्ध झाला. संग्रामदुर्गासारखेच येथेही शत्रू फाटकातून आला नाही. एकदा आत शिरल्यावर तो एका यंत्रावरून दुसऱ्यावर पसरला, तो दोन प्रकारांनी. काही यंत्रांच्या तटाला जुनी भगदाडे होती. ती बुजविण्याचा मसाला तीन महिन्यांपूर्वीच देण्यात आला होता, पण सगळ्यांनी तो लावला नव्हता. दुसरा प्रकार अधिक धूर्तपणाचा होता. जाळ्याची देखभाल करणारा मुख्य माणूस एखाद्या यंत्रावर आपल्या नावाने काम करून जातो, तेव्हा त्याच्या किल्लीचा ठसा त्या यंत्राच्या स्मरणात काही काळ राहतो. हा प्रोग्राम तो ठसा शोधून काढी आणि त्याच किल्लीने पुढची दारे उघडी. साध्या कारकुनाच्या किल्लीने दोनचार दारे उघडली असती. मुख्य माणसाच्या किल्लीने सगळीच उघडली.

मर्स्कमध्ये कोणाचे नाव काय, परवलीचा शब्द कोणता आणि कोणाला कोठवर मुभा, याचे सगळे दप्तर जगभरच्या सुमारे दीडशे यंत्रांवर ठेवलेले असे. एक बिघडले तर दुसऱ्यावरून उतरून घ्यावे, या हिशेबाने ती एकमेकांशी सतत ताळा जमवीत. पण सगळीच एकदम पुसली जातील, असा विचार कोणी केला नव्हता. दप्तर नाही, तर नवे संगणक आणून तरी काय उपयोग? कोण आपला आणि कोण परका, हेच सांगणारा कोणी उरला नव्हता. शोधाशोध करता करता आफ्रिकेतील घाना देशात एक यंत्र शाबूत सापडले. ते का वाचले? त्याच्यावर विशेष पहारा होता म्हणून नव्हे. हल्ल्याच्या आधी तेथील वीज गेली होती आणि यंत्र बंद पडलेले होते! वीज गेल्यावर कपाळाला हात लावणाऱ्या साऱ्या जगात त्या दिवशी वीज गेल्याचा एवढा आनंद दुसऱ्या कोणाला झाला नसेल.

पण ते दप्तर इंग्लंडमधील कचेरीत पोहोचवावयाचे कसे? घानाहून येणारी संदेशवाहिनी इतकी अरुंद होती, की सगळी माहिती तारेने पाठविण्यास कित्येक दिवस लागले असते. माणसाने विमानाने घेऊन यावे म्हटले, तर तेथील कोणाजवळही इंग्लंडमध्ये जाण्याचा परवाना नव्हता. तेही एक फाटकच. अखेर घानाचा एक कर्मचारी ते मौल्यवान यंत्र घेऊन नायजेरियाला गेला, तेथील विमानतळावर त्याने ते दुसऱ्या एका कर्मचाऱ्याच्या हाती दिले, आणि तो ते घेऊन लंडनला उतरला. साऱ्या जगाला व्यापणारे जाळे पुन्हा उभे राहिले ते एका माणसाने दुसऱ्याच्या हाती ठेवलेल्या एका पुडक्यामुळे. चिठ्ठी घेऊन धावणाऱ्या माणसाची गरज संपली असे ज्यांना वाटत होते, त्यांना ती त्या दिवशी पुन्हा भासली. त्यानंतर दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने सज्ज करण्यात आले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे सांगितले. कंपनीचे नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलरांचे झाले.

चाकणला संध्याकाळ होते. पहिल्या पाळीच्या बसगाड्या कधीच परतलेल्या असतात, रस्त्यावर ट्रकांचे दिवे लागतात. एक तरुण इंजिनिअर दिवसभराचे काम संपवून बाहेर पडतो, मोटारीपर्यंत जातो आणि काहीतरी टेबलावर राहिल्याचे आठवून घाईघाईने मागे वळतो. फाटकाशी त्याचा हात खिशाकडे जातो. खिसा रिकामा.

"काका, कार्ड गाडीत राहिलं. आत्ता तर बाहेर गेलो तुमच्यासमोरून. रोज बघता मला."

"बघतो ना, साहेब," काका हसून म्हणतात. "गाडी लांब नाही. घेऊन या."

साहेब क्षणभर रेंगाळतो, मग वळतो. काका वही उघडतात, घड्याळाकडे पाहतात, आणि साहेब कार्ड घेऊन येईपर्यंत पेनाचे टोपण काढून वाट पाहत उभे राहतात.